पहाटे पाचला निघालेल्यांची रांग

जोडसुट्टीचा शनिवार असला की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या सोसायट्यांमध्ये साडेचारलाच गाड्यांच्या डिक्क्या उघडबंद होऊ लागतात. एमएच-०५ पाटीच्या या गाड्या लोणावळ्याला, अलिबागला, मालवणला, माळशेजला निघालेल्या असतात. त्या गेल्यावर तीन-चार तासांनी उलट्या दिशेने मुंबई-ठाण्याच्या गाड्या येऊ लागतात. त्यांना कोंडेश्वरचा धबधबा, बारवी धरणाचा परिसर किंवा वांगणी-नेरळकडची फार्महाउसं गाठायची असतात. २०११ च्या जनगणनेत या तीन शहरांची मिळून लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या वर होती, आणि त्यानंतर बदलापूर किती वाढलं हे तिथल्या स्टेशनवर सकाळी उभं राहणाऱ्याला सांगायला नको. इथला माणूस शनिवारी सकाळी पर्यटक असतो. रविवारी संध्याकाळी तोच दूध आणायला बाहेर पडतो आणि परगावच्या पर्यटकांच्या रांगेत अडकतो. सुट्टीवर गाडीने निघालेली माणसं वाहतूक कोंडीपुढे कशी वागतात, हे दोन्ही बाजूंनी पाहायचं तर याहून बरी जागा नाही.

कोंडी दिसली किंवा लागणार हे ठाऊक असलं, तर करण्यासारखं मोजकंच असतं. निघायची वेळ बदलायची, रस्ता बदलायचा, ठिकाण बदलायचं, गाडी सोडून दुसऱ्या साधनाने जायचं, बेतच रद्द करायचा, नाहीतर यातलं काही न करता रांगेत बसायचं. रोज कामावर जाणारा माणूस हे सगळं आजमावून शिकलेला असतो. बदलापूरहून तळोज्याला रोज दुचाकीने जाणाऱ्याला नेवाळी नाका किती वाजता तुंबतो हे पाठ असतं. दहा मिनिटं आधी निघून पाहायचं, नाही जमलं तर उद्या वीस मिनिटं आधी, असं करत करत महिनाभरात त्याची वेळ बसते. सुट्टीवाल्याला ही सोय नाही. तो लोणावळ्याला वर्षातून एकदा जातो आणि शिकतो ते मागच्या वर्षीच्या आठवणीवरून. ‘मागच्या वेळी सातला निघालो आणि घाटात अडकलो, या वेळी पाचला निघू.’ अडचण एवढीच, की मागच्या वर्षी त्याच रांगेत अडकलेल्या प्रत्येकाने हाच धडा घेतलेला असतो.

ब्रायन आर्थर या अर्थशास्त्रज्ञाने १९९४ साली या पेचावर एक कोडं मांडलं. अमेरिकेतल्या सांता फे गावात ‘एल फारोल’ नावाचा बार आहे. गुरुवारी रात्री तिथे शंभरातली साठपेक्षा कमी माणसं आली तर मजा येते, जास्त आली तर जीव गुदमरतो. जायचं की नाही हे प्रत्येकाने दुसऱ्याला न विचारता ठरवायचं. गंमत अशी, की ‘आज गर्दी नसेल’ हा अंदाज सगळ्यांनी एकदम केला तर तो त्या अंदाजामुळेच खोटा ठरतो. लोणावळ्याकडे चढणाऱ्या बोरघाटाच्या पायथ्याशी पहाटे साडेसहाला लागलेली रांग ही अशा खोट्या ठरलेल्या अंदाजांची रांग असते.

वेळ बदलण्याचं गणित त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने मांडलं होतं. पुढे १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचा मुद्दा आपल्या घाटाला लावून पाहू. आकडे सोयीचे घेतो. समजा घाटातल्या एका पदरातून तासाला १,५०० गाड्या जाऊ शकतात. सकाळी दोन तास दर तासाला १,८०० गाड्या येत राहिल्या, म्हणजे जास्तीच्या फक्त तीनशे. दोन तासांनी रांगेत सहाशे गाड्या उभ्या असतील. गाडीमागे सात मीटर धरले तर ही रांग चार किलोमीटरच्या वर जाते, आणि शेवटच्या गाडीला चोवीस मिनिटं थांबावं लागतं. आता येणाऱ्या गाड्या तासाला १,२०० वर आल्या, तरी साचलेली रांग संपायला आणखी दोन तास जातात. म्हणून गर्दीची वेळ टळली म्हणत दहाला निघालेला माणूसही अडकतो. त्याच्या समोर उभी असते ती आठ वाजताची गर्दी.

याच गणितात एक दिलासाही आहे. गाड्या क्षमतेपेक्षा दुप्पट नव्हत्या, पाचव्या हिश्शाने जास्त होत्या. सहा गाड्यांतली एक जरी दुसऱ्या वेळी गेली असती तरी रांग लागलीच नसती. विक्रीचा सल्ला होता, की टोल गर्दीच्या वेळी चढा आणि एरवी कमी ठेवावा, म्हणजे ज्याला घाई नाही तो आपोआप सरकेल. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मात्र मंगळवारी दुपारी आणि जोडसुट्टीच्या शनिवारी सकाळी टोल सारखाच असतो. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांना तर सरकार ऐन गर्दीत टोलमाफी देतं. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे, आणि ती माफी काढून घ्यायची हिंमत कोणतंही सरकार करणार नाही. पण गर्दी पांगवण्याच्या दृष्टीने तो निर्णय उलट्या दिशेचा आहे, हेही म्हटलं पाहिजे.

वेळेनंतर रस्ता, आणि इथे आपल्या भागातल्या माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटत असतं. पुण्याकडे जायचं तर मुंबईकर वाशी, कळंबोलीवरून द्रुतगती मार्गाला लागतो. बदलापूरकराकडे आतला रस्ता आहे. वांगणी, नेरळ, कर्जत करत सरळ खोपोली गाठायची, म्हणजे पनवेलची गर्दी आणि टोलचा एक भाग दोन्ही टळलं. मोबाईलवरचा नकाशाही पुष्कळदा हाच रस्ता निळा करून दाखवतो. रस्ता छान आहे, पावसाळ्यात तर डाव्या-उजव्या बाजूचे डोंगर पाहत जावं असा आहे. पण तो घाटाच्या पायथ्यापर्यंतच जातो. पुढे बोरघाटच. अडोशी बोगद्यापासून खंडाळ्याच्या एक्झिटपर्यंत सहा पदरी द्रुतगती मार्ग आणि चार पदरी जुना महामार्ग या दोन्हींची वाहतूक मिळून वर्षानुवर्षं सहाच पदरांत कोंबली गेली. वरून कितीही वाटांनी ओतलं तरी नरसाळ्याच्या नळीतून जायचं तेवढंच जातं. कर्जतवरून आलेला माणूस कोंडी टाळत नाही, रांगेत थोडा पुढे येऊन घुसतो, आणि त्याने वाचवलेली वीस मिनिटं मागे उभ्या असलेल्यांच्या खात्यात वाटली जातात. खोपोली ते कुसगाव हा ‘मिसिंग लिंक’ प्रकल्प याच गाठीवर आखला गेला.

कोकणाची तऱ्हा हीच. पेण-वडखळची गर्दी नको म्हणून खोपोलीवरून पालीमार्गे वाकणला निघणारे पुष्कळ. गणपतीच्या दिवसांत पोलीसही हा पर्याय सुचवतात. पण वाकणच्या पुढे कोलाड, इंदापूर आणि माणगाव यायचेच असतात, आणि चाकरमान्यांच्या शिव्या सर्वांत जास्त खाल्लेलं गाव बहुधा माणगावच असेल. ज्याला खरंच बगल द्यायची आहे त्याला साताऱ्यावरून उंब्रज, पाटण करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरावं लागतं. अंतर वाढतं, डिझेल जास्त जातं, पण गाडी हलती राहते. हलती गाडी आणि उभी गाडी यांत माणूस जवळजवळ नेहमी हलती निवडतो, पोहोचायला तेवढाच वेळ लागला तरी. यात मूर्खपणा नाही. मागच्या सीटवर दोन पोरं आणि उलटीचा त्रास असलेल्या आजी असतील, तर एक तास उभं राहणं आणि एक तास चालत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जॉन वॉर्ड्रॉप या इंग्रज अभ्यासकाने १९५२ मध्ये एक नियम सांगितला होता. प्रत्येकाने आपापल्यापुरता जलद रस्ता निवडला, की वापरातल्या सगळ्या रस्त्यांना लागणारा वेळ शेवटी सारखाच होतो. मोबाईलमुळे हे आता काही मिनिटांत घडतं. मोठा रस्ता लाल झाला की नकाशा गाड्या आतल्या रस्त्यावर वळवतो, आणि आतला रस्ताही लाल होईपर्यंत वळवत राहतो. या समतोलात कुणाचाच वेळ वाचत नाही. आतल्या रस्त्यावरच्या गावांची शांतता मात्र जाते. कल्याण-शीळ रस्ता तुंबला की गाड्या काटई-बदलापूर पाइपलाइन रोडला लागतात, तिथून नेवाळी नाक्यावर येतात. माळशेजला निघालेल्यांची शहाड, म्हारळ, वरप, कांबा या पट्ट्यात रांग लागते, म्हणून काहीजण बदलापूर-बारवी रस्त्याने मुरबाड गाठतात. मग बदलापुरात पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या एकमेव उड्डाणपुलावर भाजी घेऊन जाणारी रिक्षा, शाळेची बस आणि माळशेजचा पर्यटक एकत्र उभे राहतात. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताने २०१९ च्या उन्हाळ्यात या प्रकाराला वैतागून शनिवार-रविवारी महामार्ग सोडून गावातल्या रस्त्यांवर उतरायला नुसत्या पुढे निघालेल्या वाहनांना बंदी घातली. शेजारच्या जर्मनीने आरडाओरडा केला, पण गावकऱ्यांना हायसं वाटलं. आपल्याकडे अशी बंदी चालणार नाही, कारण बाहेरची गाडी आणि गावची गाडी ओळखायची कशी? निम्म्या गाड्या एमएच-०५च्याच निघतील.

रांगेत बसल्यावरही माणूस स्वस्थ बसत नाही. जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३० मीटर घेराच्या वर्तुळात २२ गाड्या ताशी ३० किलोमीटरच्या बेताने चालवायला सांगितल्या. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. रस्त्यात सिग्नल नाही, खड्डा नाही, अपघात नाही. तरी थोड्याच वेळात कुणीतरी किंचित ब्रेक दाबला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि काही गाड्या चक्क उभ्या राहिल्या. ही उभी राहण्याची लाट ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत राहिली. घाटात तासभर रांगेत काढल्यावर वर पोहोचावं तर अडथळा काहीच दिसत नाही, हा अनुभव ज्यांना आला असेल त्यांना कारण इथे सापडेल. लेन बदलत पुढे घुसणारी प्रत्येक गाडी अशी एक नवी लाट जन्माला घालते.

आपल्याकडे त्यात भर पडते ती डबल लाइनची. दोन पदरी रस्त्यावर एकाने रांग सोडून उजवीकडून गाडी काढली की मागे वीस जण निघतात. समोरून एसटी येते आणि दोन्ही दिशा ठप्प. चढावर पहिल्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून, अर्धवट क्लचवर तासभर काढलेल्या गाड्या गरम होऊन बंद पडतात आणि प्रत्येक बंद गाडी एक पदर खाते. २०२३ च्या नाताळच्या जोडसुट्टीत द्रुतगती मार्गावर घाट असाच तुंबला होता. पोलीस अशा वेळी अवजड वाहनं काही तास थांबवतात, कधी मुंबईकडे येणारी बाजू थोडा वेळ रोखून तिच्यावरून पुण्याच्या गाड्या सोडतात. उपाय कामाचे आहेत, पण ते साचलेलं उपसण्याचे आहेत.

गाडीच न नेण्याचा पर्याय आपल्या भागात इतरांपेक्षा जास्त खरा आहे. मध्य रेल्वेचा कर्जत-खोपोली मार्ग या तिन्ही शहरांतून जातो. नेरळला लोकलने उतरून पुढे टॅक्सीने किंवा १९०७ पासून चालणाऱ्या छोट्या गाडीने माथेरान गाठता येतं, आणि गाडी नेली तरी ती दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीच. तरीही सुट्टीच्या दिवशी दस्तुरीचा वाहनतळ भरून रांग घाटात येते. लोकांना अक्कल नाही म्हणून हे होत नाही. मुंबईहून येणाऱ्या पुष्कळ लोकल अंबरनाथ-बदलापूरला संपतात, पुढे जाणाऱ्या थोड्या आणि भरलेल्या. चार माणसं, दोन बॅगा आणि एक पाळण्यातलं मूल घेऊन त्या गाडीत चढायचं म्हणजे दिव्यच. त्यात रविवारचं वेळापत्रक आणि मेगाब्लॉकची धास्ती. अलिबागच्या बाबतीत मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या भाऊचा धक्का-मांडवा रो-रो बोटीने मुंबईकरांचा वडखळचा फेरा वाचवला. बदलापूरकराला मात्र बोट पकडायला आधी मुंबई ओलांडून धक्क्यावर जावं लागतं, तेवढ्या वेळात तो पनवेल पार करून पेणच्या दिशेला लागलेला असतो.

नवा रस्ता झाला की प्रश्न मिटेल, ही आशा बदलापुरात सध्या जोरात आहे. मुंबई-वडोदरा महामार्गाचा फाटा बदलापूरजवळून जातो आणि बेंडशीळजवळच्या बोगद्यातून डोंगराखालून पनवेलच्या बाजूला निघतो. पनवेल जवळ येईल यात शंका नाही. पण ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी शहरांचे आकडे तपासून २०११ मध्ये दाखवून दिलं, की रस्त्यांची लांबी जितकी वाढते जवळजवळ तितकंच गाड्यांचं धावणंही वाढतं. पनवेलकडून बारवीला यायला आज जो कंटाळा करतो तो उद्या करणार नाही.

खरा फरक पडतो तो निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, त्याच्याही दोन दिवस आधी, घरी बसून बेत ठरवताना. फ्रान्समध्ये २ ऑगस्ट १९७५ या एका शनिवारी सुट्टीवर निघालेल्यांच्या रांगा मिळून सहाशे किलोमीटरवर गेल्या. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने ‘बिझॉं फ्युते’ म्हणजे चतुर गवा नावाची सेवा सुरू केली. ती कोणत्या दिवशी, कोणत्या दिशेला किती कोंडी लागेल याचा अंदाज आधीच हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा अशा रंगांत जाहीर करते. शिवाय तिथल्या शाळांच्या हिवाळी आणि वसंताच्या सुट्ट्या तीन विभागांत वाटलेल्या आहेत. जर्मनीत उन्हाळी सुट्टी राज्याराज्यांत वेगवेगळ्या तारखांना लागते. आपल्याकडे विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, पण ते उन्हामुळे. मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्याची सुट्टी एकाच दिवशी लागते आणि एकाच दिवशी संपते.

सुट्ट्या वाटून देणं आपल्याला नवीन नाही. विजेचा भार एकाच वेळी येऊ नये म्हणून महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींना वेगवेगळ्या वारी साप्ताहिक सुट्टी देण्याची जुनी पद्धत आहे. अंबरनाथ-डोंबिवली पट्ट्यातले अनेक कारखाने शुक्रवारी बंद असतात. शुक्रवारी सुट्टी असलेला कामगार कुटुंबाला घेऊन बारवीला गेला तर त्याला रस्ता मोकळा मिळतो, फक्त पोरांची शाळा बुडते. विजेसाठी जे जमलं ते रस्त्यासाठी करायचा विचारही कधी कुणी गांभीर्याने केलेला दिसत नाही.

राहिला ठिकाण बदलण्याचा मार्ग. तो लोक फार उशिरा वापरतात, कारण खोलीचे पैसे भरलेले असतात. एका दिवसाच्या सहलीला मात्र तो चटकन सुचतो आणि तिथेच आपल्या भागाचा तोटा होतो. पावसाळ्यात ठाणे जिल्हा प्रशासन धबधब्यांवर आणि धरणांवर जायला मनाई करणारे आदेश काढतं. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. कोंडेश्वर आणि बारवीचा परिसर त्यात अनेकदा असतो. माणसं बुडून मरतात म्हणून आदेश योग्यच आहे. पण घाटकोपरहून निघालेल्या कुटुंबाला तो कळतो कोंडेश्वरच्या अलीकडच्या बॅरिकेडपाशी. तोवर ते कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असं सगळं ओलांडून आलेलं असतं. आता ते माघारी घरी जात नाही. मोबाईल काढून जवळचा दुसरा ओढा शोधतं आणि गाडी एखाद्या गावाच्या पांदीत घालतं. बंदीमुळे कोंडेश्वर रिकामं होतं आणि शेजारची चार गावं भरतात.

म्हणून आदेशाची पाटी बॅरिकेडवर लावून भागणार नाही. ती काटई नाक्यावर, शहाडला, अंबरनाथच्या फॉरेस्ट नाक्यावर, जिथून अजून गाडी वळवता येते अशा ठिकाणी हवी, आणि बातमी गुरुवारीच वर्तमानपत्रांत आणि मोबाईलवर पोहोचायला हवी. तिन्ही शहरांच्या पालिकांना आणि वाहतूक पोलिसांना हे करायला नवा पूल लागत नाही, नवा निधीही फारसा लागत नाही. येत्या पावसाळ्याआधी एवढं तरी करावं.